बझर्ड क्रीकची शेवटची लबाडी

स्टॉक कार शर्यतीचा पाया सचोटी हाच आहे.

बझर्ड क्रीक स्पीडवेच्या नियमपुस्तिकेतलं हे पहिलं वाक्य. शर्यत खेळणाऱ्यांपैकी दोघाचौघांनी जरी ते मनावर घेतलं असतं, तर पुस्तिका तिथेच संपली असती. पण आज ती एकशे बारा पानांची आहे, आणि त्यातली तीसेक पानं तरी एकट्या ओडेल स्टार्न्समुळे लिहावी लागली आहेत.

ओडेल आता अठ्ठ्याहत्तरीचा होता. त्याच्या वयाची माणसं जुने फोटो काढून बसतात. ओडेल नियमपुस्तिका काढून बसे. ‘गाडीच्या सांगाड्याच्या नळ्यांत बर्फ भरण्यास मनाई आहे.’ हे वाचलं की त्याला एकोणसत्तर सालचा जुलै आठवे. तेव्हा गाड्यांचं वजन शर्यतीआधी व्हायचं. ओडेलने मासळीच्या खानावळीतून बर्फ आणून नळ्यांत ठासला. गाडी नियमाइतकी जड भरली, आणि अर्धी शर्यत होईतो बर्फ वितळून बारीक भोकातून गळून गेला. गाडी हलकी झाली, पहिली आली, आणि कॅरोलिनाच्या उन्हाने पुरावा जागच्या जागी वाळवून टाकला. ‘बंपर लोखंडाचा असावा, लाकडाला दिलेला चंदेरी रंग चालणार नाही.’ हे बहात्तर साल. त्या लाकडाला वाळवी लागली नसती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

आणि मग त्याचा सगळ्यात लाडका नियम: ‘विजेत्या गाडीचे वजन होण्यापूर्वी तीत कोणताही खाद्यपदार्थ देऊ नये.’

ही करणी ओडेलच्या व्हर्डीआत्याची. बर्फाच्या प्रकरणानंतर ट्रॅकवाल्यांनी वजन शर्यतीनंतर घ्यायला सुरुवात केली. म्हणजे आता गाडी पळताना हलकी आणि काट्यावर जड हवी. गाडी ओडेल बांधायचा, चालवायचा त्याचा धाकटा भाऊ रॉइस. गाड्यांच्या आवारात तेव्हा बायकांना पाऊल टाकू देत नसत. म्हणून आत्या चर्चची टोपी आणि पांढरे हातमोजे घालून कुंपणाबाहेर उभी राही, आणि रॉइस जिंकला की कौतुकाने केकचा डबा कुंपणावरून आत देई. तो डबा दोन माणसं धरून नेत आणि खिडकीतून रॉइसच्या मांडीवर ठेवत. मग गाडी काट्यावर जाई.

असे पाच विजय झाले. त्या काळी तपासनीस होता गारलँड शीली, सहा फूट उंचीचा आणि कधी न हसणारा. पाचव्या खेपेला तो आत्याकडे गेला.

‘बाईसाहेब, डब्यात काय आहे?’

‘केक.’

‘दोन माणसांना उचलत नाही.’

‘माझ्या आईच्या हातचं प्रमाण आहे. लोणी जरा जास्त पडतं.’

शीलीला संशय वजनामुळे आला नव्हता. आमच्या या मुलखात मयताला आलेल्या परक्या माणसालाही केक दिल्याशिवाय कुणी सोडत नाही. आणि इथे पाच केक झाले तरी एक तुकडा त्याच्यासमोर कुणी धरला नव्हता. त्याने डबा उघडला. आत शिसं होतं. वरचा कॅरमेलचा थर मात्र खरा होता, आणि शीलीने तो बोटाने चाखून ‘चांगला आहे’ असा शेरा मारला. आत्याने मरेपर्यंत काही कबूल केलं नाही. कुणी विषय काढलाच तर म्हणे, ‘त्या दिवशी जरा बसला होता केक.’

पुढे शीलीचे गुडघे गेले आणि खाली वाकणं संपलं, तेव्हा ट्रॅकचा मालक म्हातारा हिन्सन त्याला म्हणाला, ‘तुझ्या जागी कुणाला घेऊ?’ शीली म्हणाला, ‘चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. स्टार्न्सला घ्या.’ आणि ओडेल तपासनीस झाला. गावात कुणाला त्यात काही विपरीत वाटलं नाही. चर्चचा खजिनदारही असाच निवडला होता.

*

पहिली काही वर्षं बरी गेली. पोरं लबाड्या करत, ओडेल पकडे, पकडताना बारीकसारीक सूचनाही देई. मग हळूहळू काळ बदलला. इंजिनं कारखान्यातून मोहरबंद होऊन यायला लागली. बोल्टवर शिक्का, शिक्क्यावर नंबर. ओडेलच्या काळी इंजिन भंगारातल्या शववाहिनीतून काढून आणत, कारण शववाहिनीचं इंजिन कधी पळवलेलं नसे. गाडी घरून रस्त्याने चालवत आणायची, दार उघडू नये म्हणून कमरेच्या पट्ट्याने बांधायचं, शर्यत खेळायची, आणि उरलंसुरलं जे असेल ते चालवत घरी न्यायचं. सोमवारी त्याच गाडीतून बायको किराणा आणायची. स्टॉक कार म्हणजे दुकानात मिळते ती गाडी, एवढाच त्याचा अर्थ होता.

आताची गाडी ट्रेलरमधून येई, आणि तो ट्रेलर ओडेल जन्मला त्या घराहून मोठा असे. गाडीतला एक खिळाही कुठल्या दुकानातल्या गाडीत सापडला नसता. पुढचे दिवे म्हणजे दिव्यांचे चिटकवलेले फोटो. जाळीचाही फोटोच. लाकडी बंपरसाठी ज्याला महिनाभर घरी बसवलं होतं, त्या ओडेलला आता दर शनिवारी दिव्याचा फोटो नीट चिकटलाय की नाही हे तपासावं लागे.

आणि कुणी लबाडी करत नव्हतं. दोन मोसम झाले, ओडेलला काही सापडलं नव्हतं.

सगळ्यात मोठं दुःख घरातच होतं. त्याची नात मार्ली, चोवीस वर्षांची, रॉइसनंतर त्या घराण्यात गाडी चालवणारी पहिलीच. हात रॉइसपेक्षा चांगला. हिवाळाभर झोपायच्या खोलीत संगणकाच्या पडद्यासमोर बसून ट्रॅक गिरवायची, आणि उन्हाळ्यात जिंकायची. तक्रार एवढीच की ती नियम पाळायची. स्टार्न्सांकडे पुस्तिका कायम पाठ असे, पण ती त्यात काय लिहिलेलं नाही हे बघण्यासाठी. मार्ली मात्र शंका आली तर कार्यालयाला पत्र लिहून विचारायची, ‘असं केलं तर चालेल का?’ पहिल्यांदा हे कळलं तेव्हा ओडेल त्या दिवशी जेवला नाही.

नोव्हेंबरातल्या शेवटच्या शर्यतीच्या आठवड्यात व्हिटनी त्याला भेटायला आली. व्हिटनी म्हणजे म्हाताऱ्या हिन्सनची नात. ट्रॅक आता तीच बघायची. हातात गोड चहाचा पेला, तोंडावर हसू. वाईट बातमीची पद्धत आमच्याकडे हीच आहे.

‘मिस्टर ओडेल, राग मानू नका. तपासणीची शेड पुढच्या मोसमात काढावी म्हणते.’

‘काढून काय करणार?’

‘लहान मुलांना उड्या मारायला हवा भरलेला किल्ला. मागणी खूप आहे.’

‘आणि लबाडी?’

‘ती कुठे आहे आता?’ व्हिटनी खरोखरच हळहळून म्हणाली. ‘तुम्हाला तरी सापडली का एखादी? इंजिनं मोहरबंद, टायर आपणच देतो. वजन काय, कुणीही बघेल.’

ओडेलने चहा घेतला. शेड गेल्याचं त्याला तितकं वाटलं नसतं. पत्र्याची होती, गळायची. पण या शनिवारीही काही सापडलं नाही, तर बझर्ड क्रीकवरची शेवटची लबाडी कधी झाली हे सांगणारी तारीखसुद्धा धड कुणाला आठवणार नव्हती. विद्या अशीच मरते. शेवटचा शिष्य कोण, हे नंतर कळतं. त्याला एकच हवी होती. छोटी चालली असती.

*

शनिवारी दुपारी शीली आपली घडीची खुर्ची घेऊन शेडमध्ये आला. चौऱ्याऐंशी वर्षांचा, काठीवर. वृद्धाश्रमाची गाडी त्याला दर शनिवारी सोडून जाई. तिथल्या बायकांना तो चर्चच्या कामाला जातो असं वाटे.

‘काय सापडलं का, स्टार्न्स?’

‘सात नंबरच्या गाडीचा डावा दिवा सोलवटलाय.’

‘अरेरे.’

‘गोंद दिला त्याला.’

शीलीने खुर्ची उलगडली. ‘मी तुझ्या मागे असायचो तेव्हा शुक्रवारी रात्री झोप लागायची नाही मला. हा उद्या काय आणेल. बायको म्हणायची, त्या माणसाशीच लग्न करायचं होतंस.’

‘भली बाई.’

‘आता छान झोप लागते,’ शीली म्हणाला. ‘कंटाळा येतो झोपेचा.’

एवढ्यात मार्ली आली. अंगात शर्यतीचा पोशाख, हातात कागदात गुंडाळलेली तळलेल्या बोलोनी सॉसेजची दोन सँडविचेस. दोघा म्हाताऱ्यांना एकेक दिलं.

‘आजोबा, आज जिंकले तर वर्षाचा करंडक आपला. दुसऱ्या नंबरवरचा कोल्टन चार गुणांनी मागे आहे.’

‘गाडी कशी आहे?’

‘नियमात.’

ओडेलने शीलीकडे पाहिलं. शीलीने नजर सँडविचमध्ये घातली.

‘वजन?’

‘नियम अठ्ठावीसशे पौंडांचा. इंधन जळून, टायर झिजून, मला घाम येऊन शेवटी तीन पौंड जास्त राहील असं बसवलंय. बाकीची पोरं पंचवीस-तीस पौंड जास्तच ठेवतात, भीतीपोटी. कशाला ओझं वाहायचं? गणित केलं की झालं.’

‘गणित,’ ओडेल म्हणाला.

‘तुम्ही काय करायचात?’

‘केक,’ शीली म्हणाला.

मार्ली हसली आणि गेली. ती गेल्यावर शीलीने सँडविच संपवलं, कागदाची घडी घातली. मग म्हणाला, ‘पोरगी चांगली आहे, स्टार्न्स. सगळ्यांच्याच घरी काहीतरी असतं.’

पाद्रीबोवांनी प्रार्थना केली, बँड वाजला, शर्यत सुटली. लाकडी पायऱ्यांवर पूर्वी सहा हजार माणसं मावायची, आज सहाशे होती. त्यातली अर्धी फोनवर तीच शर्यत बघत होती. तरी शेवटच्या दोन फेऱ्यांत सगळी उभी राहिली. कोल्टनने वळणावर आतून नाक घातलं, मार्लीने बाहेरूनच गाडी अशी लोटली की भिंतीचा रंग दाराला लागला, आणि ती अर्ध्या गाडीने पुढे आली. ओडेलने टोपी काढून पुन्हा घातली. ते वळण रॉइसचं होतं, तो पडदा हे शिकवत नाही, असं त्याला वाटलं. पडदा ते शिकवतो, हे मार्लीने नंतर सांगितलं असतं, पण त्याने विचारलं नाही.

मग ती गाडी घेऊन शेडमध्ये आली. चार चाकं काट्याच्या चार पाटांवर. मार्ली आत बसलेली, पट्टे बांधलेले, नियमाप्रमाणे. ओडेलने आकडा पाहिला. चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

दोन हजार सातशे शहाऐंशी.

‘शीली,’ तो म्हणाला. ‘इकडे ये.’

शीली काठी न घेताच आला. दोघे आकड्यासमोर उभे राहिले. नियमाहून चौदा पौंड कमी. ओडेलने गाडी मागे घ्यायला लावली, पुन्हा पुढे घ्यायला लावली. शहाऐंशी.

‘काय झालं?’ मार्लीने खिडकीतून विचारलं.

‘चौदा पौंड कमी भरतेस.’

‘शक्य नाही. तीन जास्त असायला हवेत.’

‘मग कुठे गेले?’ ओडेलने विचारलं. आवाज अगदी हळू, चर्चमधल्यासारखा.

‘मला काय माहीत? मी काही केलं नाही.’

ओडेल खिडकीशी वाकला. हे वाक्य त्याने स्वतः सात तालुक्यांत म्हटलं होतं. हेच शब्द, अशाच भुवया वर. रॉइस म्हणायचा, पण त्याला हसू यायचं. हिला येत नव्हतं.

‘आजोबा, काटा बिघडला असेल. काटा तपासा.’

यावर दोघे म्हातारे एकदम हसले. शीलीला कुणी हसताना पाहिलं नव्हतं. त्याला खोकलाच आला. पकडला गेलेला प्रत्येक माणूस पहिलं वाक्य हेच म्हणतो: काटा बिघडलाय. शीलीने ते इतक्यांदा ऐकलं होतं की पुढेपुढे कुणी म्हणालं नाही तर तो वाट बघत थांबे. ओडेलने तर त्र्याहत्तर साली, मांडीवर केकचा डबा असलेल्या भावाकडे बोट दाखवून, हेच म्हटलं होतं.

‘अगदी बरोबर, बेटा,’ शीली डोळे पुसत म्हणाला. ‘इथूनच सुरुवात करायची असते.’

*

दार ओढून घेतलं आणि शोध सुरू झाला.

ओडेल चाकांच्या फळीवर आडवा होऊन गाडीखाली गेला. सांगाड्याच्या नळ्या ठोकून पाहिल्या. बर्फाची आशा नव्हती, पण रीत म्हणून बोट घालून ओल आहे का बघितलं. शिशाच्या पट्ट्यांचे बोल्ट पाहिले, सगळे जागेवर. आसनाखाली, पायाखाली, टाकीमागे. काहीच नाही.

‘टायरमध्ये पाणी?’ वरून शीलीने विचारलं.

‘हवाच आहे.’

‘हेल्मेट?’

‘घातलेलंच होतं तिने.’

‘वाळू?’

‘कुठे?’

‘मला काय विचारतोस. चोर तू.’

थोड्या वेळाने ओडेलला शेजारी धापा ऐकू आल्या. मान वळवून पाहिलं तर शीली. जमिनीवर पाठ टेकून, इंचाइंचाने सरकत, तो गाडीखाली येत होता. ज्या गुडघ्यांपायी नोकरी सोडली होती, ते दोन्ही गुडघे वाकवून.

‘मरशील, लेका.’

‘मरेन,’ शीली म्हणाला. ‘बॅटरी सरकव तिकडे. तू आंधळा झालायस.’

दोघे शेजारी शेजारी पडून वर बघत राहिले. गरम तेलाचा, रबराचा आणि धुळीचा तोच जुना वास. बाहेर कुणीतरी दार ठोठावत होतं. शीली बोटाने एकेक जोड चाचपत होता, आणि ओडेल त्याला सांगत होता, इथे मी असतो तर काय केलं असतं. शीली म्हणे, इथे मी लगेच बघितलं असतं. मग पुढचा जोड. कुठेच काही नव्हतं, आणि जसजसं काही सापडेना, तसतसा ओडेलचा चेहरा उजळत गेला. सापडते ती लबाडी साधी. पण जी अशा दोघांना मिळूनही सापडत नाही, ज्यांच्यापायी पुस्तिकेची तीसेक पानं लिहिली गेली...

‘स्टार्न्स,’ शीली बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘ही तुझ्यावर कडी आहे.’

‘आहे ना?’

‘कार्यालयाला पत्रं लिहायची म्हणे. असं केलं तर चालेल का, तसं केलं तर चालेल का. केवढा बुरखा.’

ओडेलला त्या पत्रांचा असा अर्थ कधी सुचला नव्हता. दोन वर्षं. चोवीस वर्षांची पोर, दोन वर्षं सज्जनपणाची नाटकं करते, आणि घरातल्या माणसालाही ताकास तूर लागू देत नाही. व्हर्डीआत्याचं रक्त.

दार उघडलं तेव्हा बाहेर सगळा ट्रॅक लोटला होता. बातमी फुटली होती. त्या शेडभोवती पंधरा वर्षांत एवढी गर्दी झाली नव्हती. ओडेलने टोपी काढली, आणि जाहीर केलं की विजेती गाडी वजनात कमी भरल्यामुळे बाद करण्यात येत आहे. कारण सापडलेलं नाही.

‘सापडलेलं नाही’ म्हणताच गर्दीतून कौतुकाचा एक हुंकार उठला.

‘ओडेललासुद्धा?’

‘आणि शीलीला?’

‘शीली गाडीखाली होता. बघ पाठ त्याची.’

माणसं पुढे येऊन मार्लीचा हात हातात घेऊ लागली. ती रडवेली झाली होती. ‘मी काही केलेलं नाही,’ ती एकेकाला सांगत होती, आणि एकेकजण डोळे मिचकावून म्हणत होता, ‘अर्थातच नाही.’ जितकं ती नाकारी, तितका आदर वाढे. एका म्हाताऱ्याने आपल्या नातवाला उचलून ती दाखवली. चारचौघांनी रॉइसची आठवण काढली. व्हिटनी फोनवर फोटो काढत होती, आणि किल्लेवाल्याला फोन करून सांगत होती की जागेचं पुन्हा बघू.

करंडक कोल्टनला मिळाला. कोल्टन तो घेऊन एकटाच शेडच्या दारात उभा होता.

‘मिस्टर ओडेल, माझी गाडीही बघता का एकदा?’

‘तुझी गाडी अगदी नियमात आहे, बाळ.’

‘नीट बघितली तर काहीतरी निघेलही.’

‘नाही निघणार,’ ओडेल त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. ‘वाईट वाटून घेऊ नकोस.’

*

गर्दी पांगली. वृद्धाश्रमाची गाडी शीलीला घेऊन गेली; पाठीला ग्रीस आणि ओठांवर एकोणसत्तर सालची शीळ. मार्ली टायरच्या ढिगावर बसली होती. करंडकासाठी तिने वर्ष घातलं होतं, आणि खिशात एक कागद होता, सगळ्या नटबोल्टांच्या वजनांचा. तो ती आजोबांना दाखवायला निघाली होती.

ओडेल तिच्याशेजारी येऊन बसला. गुडघ्यांवर मातीचे डाग, डोळे लाल.

‘रागावलीस?’

‘तुम्ही मला बाद केलंत, आजोबा.’

‘करावंच लागलं. शीलीने मला अकरा वेळा केलं होतं. त्याशिवाय का तो माझ्या मुलीच्या लग्नात पहिल्या बाकावर होता?’ तो थोडा थांबला. ‘बेटा, मला वाटायचं हे माझ्याबरोबर संपलं. रोज वाटायचं. सकाळी उठून मी कॉफी घ्यायचो आणि मला वाटायचं, संपलं.’

मार्लीने हात खिशात घातला.

‘मी कुणाला सांगणार नाही. शीलीलाही नाही. कुठे होते ते चौदा पौंड, एवढंच सांग.’

तिने त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस तिने लहानपणापासून पाहिला होता, पण त्याचं वय साधारण पस्तीस आहे असं तिला आज पहिल्यांदाच दिसलं. खिशातल्या कागदावर तिचा हात होता. तो तिने काढला नाही.

‘आजोबा, व्हर्डीआत्याने कबूल केलं होतं का कधी?’

‘मेली तरी नाही.’

‘मग,’ मार्ली म्हणाली.

ओडेल कितीतरी वेळ हसत होता, खांदे हलवत, आवाज न करता.

*

तो हिवाळा बझर्ड क्रीकला फार वर्षांनी असा गेला. न्हाव्याच्या दुकानात चौदा पौंडांबद्दल तीन पक्ष पडले. एक म्हणे हेलियम, एक म्हणे टायर, आणि पाद्रीबोवांचं म्हणणं असं की असल्या गोष्टी न कळण्यातच शहाणपण आहे, पण असलाच तर टायर. व्हिटनीने ‘चौदा पौंड कुठे गेले?’ असं छापलेले शर्ट काढले, आणि पहिली खेप संपली. तालुक्यातल्या गॅरेजांची दारं, जी एरवी सताड उघडी असत, ती आता ओढून घेतलेली दिसू लागली. कोल्टनने आपल्या गॅरेजला कुलूप लावल्याची बातमी ओडेलने स्वतः वृद्धाश्रमात जाऊन शीलीला सांगितली. शीली म्हणाला, आता शुक्रवारी झोप लागणार नाही. दोघांनी मिळून पुस्तिकेत एक नवा नियमही घातला. तो असा होता की अद्याप न सापडलेल्या सर्व युक्त्यांना मनाई आहे.

फेब्रुवारीत, मोसमाआधी, काटा बनवणाऱ्या कंपनीचा माणूस त्याच्या ठरल्या फेरीला आला. मागच्या साली बर्फामुळे त्याची फेरी चुकली होती. तरुण होता, घाईत होता, शर्यतीतलं त्याला काही कळत नव्हतं. ओडेलने त्याला शेड उघडून दिली, कॉफी दिली, आणि त्याने न विचारताच चौदा पौंडांची सगळी हकिकत सुरुवातीपासून सांगितली. त्या माणसाने तेवढ्यात प्रमाणित वजनं पाटांवर ठेवली, काढली, पुन्हा ठेवली.

‘चारही पाट मिळून सतरा पौंड कमी दाखवतायत,’ तो म्हणाला.

ओडेलने किती म्हणून विचारलं. त्याने पुन्हा सतराच सांगितलं, एका पाटाची तार बदलली, आणि काटा बरोबर दाखवू लागला.